पहिल्या कृष्णवर्णीय लष्करी वैमानिकांची जुनी चरित्रं कशी जमवावीत

यूजीन बुलर्ड 1961 साली न्यूयॉर्कमध्ये वारले. 1917 मध्ये फ्रान्सकडून लढाऊ विमान उडवणारे हे अमेरिकेतल्या जॉर्जियाचे गृहस्थ उतारवयात रॉकफेलर सेंटरमध्ये लिफ्ट चालवत होते. त्यांचं पहिलं पूर्ण चरित्र छापून आलं ते 1972 मध्ये, मृत्यूनंतर अकरा वर्षांनी. या विषयाची पुस्तकं जमवू लागलात की हेच पुन्हा पुन्हा दिसेल. माणूस मोठा, पुस्तक उशिरा आणि तेही बहुधा लहान प्रकाशकाकडून. अशी पुस्तकं बाजारात कमी असतात, त्यांची माहिती अर्धवट दिलेली असते आणि विकणाऱ्यालाही हातात काय आहे ते नीट ठाऊक नसतं. अशा ठिकाणी दोन गोष्टी नीट वाचता आल्या तर फसगत क्वचितच होते: पुस्तकाचं कॉपीराइटचं पान आणि वैमानिकाच्या मृत्यूची तारीख. पुढचं बरंचसं विवेचन या दोन गोष्टींभोवतीच आहे.

आधी शेत आखून घ्या

"कृष्णवर्णीय वैमानिक" एवढंच धरून निघालात तर दोन वर्षांत कपाट भरेल आणि त्यात धड संग्रह नसेल. पाच-सहा नावं ठरवा आणि त्यांच्याभोवती जमवा. सुरुवातीला पुढची माणसं पुरेत.

बुलर्ड यांच्यासाठी 1972 चं, बॉस्टनच्या मार्लबरो हाउसने काढलेलं 'द ब्लॅक स्वॅलो ऑफ डेथ' हे मूळ पुस्तक. त्याच्या शेजारी 2000 साली जॉर्जिया विद्यापीठाने काढलेलं क्रेग लॉइड यांचं चरित्र ठेवा. पहिल्यात बुलर्ड यांच्या स्वतःच्या आठवणींचा रंग आहे, दुसऱ्यात त्या आठवणी कागदपत्रांशी ताडून पाहिल्या आहेत. जुन्या लिखाणात त्यांचं जन्मवर्ष 1894 सापडतं, आज 1895 मानतात. फरक का पडला हे दोन्ही पुस्तकं समोर असली तरच नीट कळतं. एकच घ्यायचं झालं तर वाचायला लॉइड आणि जमवायला 1972 चं.

टस्कीगीच्या वैमानिकांसाठी (दुसऱ्या महायुद्धात अलाबामातल्या टस्कीगीला शिकलेले कृष्णवर्णीय लष्करी वैमानिक) चार्ल्स फ्रान्सिस यांचं 'द टस्कीगी एअरमेन' हा पाया. बॉस्टनच्याच ब्रूस हम्फ्रीज या प्रकाशकाने ते 1955 मध्ये काढलं. सैन्यातला वंशभेद संपवण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा आदेश 1948 चा, म्हणजे हे पुस्तक त्यानंतर फक्त सात वर्षांनी आलं. पुढे ब्रँडन या प्रकाशनाने त्याच्या वाढवलेल्या आवृत्त्या काढल्या, आणि बाजारात सहज मिळतात त्या याच. वाचायला त्या उत्तम, पण 1955 ची प्रत ही वेगळीच वस्तू आहे. 1976 मध्ये माजी टस्कीगी वैमानिकांच्या संघटनेच्या लॉस एंजेलिस शाखेने रॉबर्ट रोझ यांचं 'लोन्ली ईगल्स' छापलं. हे संघटनेने स्वतः काढलेलं पुस्तक असल्याने वैमानिकांच्या घरांत आणि मेळाव्यांत फिरलं. सह्या असलेल्या प्रती त्याच्यात शोधाव्यात.

बेंजामिन डेव्हिस (धाकटे) यांचं आत्मचरित्र 1991 चं, स्मिथसोनियन इन्स्टिट्यूशन प्रेसचं. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत सहाध्यायांनी चार वर्षं ज्यांच्याशी शब्द बोलला नाही आणि जे 1954 मध्ये अमेरिकी हवाई दलाचे पहिले कृष्णवर्णीय जनरल झाले, ते हे डेव्हिस. डॅनियल 'चॅपी' जेम्स 1975 मध्ये चार तारे मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय जनरल. त्यांची दोन चरित्रं आहेत: 1985 चं जेम्स मॅकगव्हर्न यांचं अलाबामा विद्यापीठाचं, आणि 1991 चं आल्फ्रेड फेल्प्स यांचं प्रेसिडिओ प्रेसचं. नौदलाचे जेसी ब्राउन 4 डिसेंबर 1950 रोजी कोरियात चोसिन तलावाजवळ कोसळले. त्यांचं थिओडोर टेलर यांनी लिहिलेलं चरित्र 1998 चं. मरीन कोअरचे पहिले कृष्णवर्णीय वैमानिक फ्रँक पीटरसन यांचं आत्मचरित्रही 1998 चंच, प्रेसिडिओचं.

यापलीकडे जायचं असेल तर इथियोपियाकडे वळा. शिकागोचे जॉन रॉबिन्सन 1935-36 मध्ये इटलीविरुद्धच्या युद्धात इथियोपियाचे सम्राट हेले सेलासी यांच्या हवाई दलाचे प्रमुख होते. हा उपविषय लहान आहे, स्वस्त आहे आणि फारसं कुणी त्याच्या मागे नाही.

एकाच नावाची तीन पुस्तकं

या विषयात नवख्याचे पैसे सर्वांत जास्त इथे जातात. 'ब्लॅक ईगल' हे नाव घ्या. 1964 मध्ये लंडनच्या जॅरल्ड्सने काढलेलं 'ब्लॅक ईगल' हे ह्यूबर्ट ज्युलियन या कृष्णवर्णीय वैमानिकाचं आत्मकथन. 1971 चं 'द ब्लॅक ईगल' हे त्याच ज्युलियन यांचं, पण जॉन पीअर न्यूजंट यांनी लिहिलेलं चरित्र. आणि 1985 चं 'ब्लॅक ईगल' हे चॅपी जेम्स यांचं. फक्त नावावर शोध घेतला की तिन्ही एकत्र येतात, आणि घाईत असलेला विक्रेता एकाच्या नोंदीत दुसऱ्याचा फोटो टाकतो.

'ब्लॅक विंग्ज'चंही तसंच. 1934 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये विल्यम पॉवेल यांनी या नावाचं पुस्तक काढलं. पहिल्या महायुद्धात पायदळात अधिकारी असलेल्या पॉवेल यांनी स्वतःचीच कहाणी 'बिल ब्राउन' या नायकाच्या नावाने सांगितली आहे. हे अतिशय दुर्मीळ आहे. 1983 मध्ये स्मिथसोनियनच्या विमान संग्रहालयाने प्रदर्शनासोबत याच नावाचं चित्रमय पुस्तक काढलं, ते कुठेही सापडतं. शिवाय पॉवेल यांचं मूळ पुस्तक 1994 मध्ये स्मिथसोनियननेच 'ब्लॅक एव्हिएटर' या नव्या नावाने पुन्हा छापलं. म्हणजे एका पुस्तकाची दोन नावं आणि एका नावाची दोन पुस्तकं. रॉबिन्सन यांचं चरित्र 1988 मध्ये बार्टलबी प्रेसने 'द ब्राउन कंडोर' म्हणून काढलं. 2013 मध्ये ते वेगळ्या प्रकाशकाकडून 'द मॅन कॉल्ड ब्राउन कंडोर' या नावाने आलं. नवं समजून दुसऱ्यांदा घेऊ नका.

उपाय साधा आहे. मागवण्याआधी लेखक, प्रकाशक, गाव, वर्ष आणि पानांची संख्या या पाच गोष्टी कागदावर लिहा आणि विक्रेत्याच्या नोंदीशी एकेक जुळवा. चार जुळल्या आणि एक जुळली नाही तर विचारा. पानांच्या संख्येत तफावत असेल तर ती बहुधा दुसरी आवृत्ती असते.

कॉपीराइटचं पान कसं वाचायचं

विक्रेत्याकडे मुखपृष्ठाच्या फोटोऐवजी या पानाचा फोटो मागा. तो द्यायला कुणी कचरत असेल तर ती प्रत सोडून द्या.

1980 नंतरच्या बहुतेक अमेरिकी पुस्तकांवर पानाच्या तळाशी आकड्यांची ओळ असते: 10 9 8 7 6 5 4 3 2 1. दर नव्या छपाईला सगळ्यांत लहान आकडा काढून टाकतात. त्यामुळे ओळीत 1 असेल तर पहिली छपाई आणि सगळ्यांत लहान आकडा 3 असेल तर तिसरी. आकडे उलटसुलट मांडलेले असले तरी नियम तोच: सगळ्यांत लहान आकडा पाहायचा. काही प्रकाशक एका बाजूला छपाईचं वर्ष आणि दुसऱ्या बाजूला छपाईचा क्रमांक देतात, उदाहरणार्थ 95 94 93 92 91 आणि त्यापुढे 5 4 3 2 1. इथे 91 म्हणजे 1991 ची छपाई. विद्यापीठांच्या प्रकाशनांवर ही ओळ कधी असते, कधी नसते. ती नसेल तर दुसऱ्या छपाईचा उल्लेख आहे का हे पाहा, आणि मुखपानावरचं वर्ष कॉपीराइटच्या वर्षाशी जुळतं का ते तपासा.

1955 किंवा 1934 च्या प्रतीत आकड्यांची ओळ नसणारच. तिथे उलटा तपास करायचा, म्हणजे काय असता कामा नये ते बघायचं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, अमेरिकेत 1970 च्या आसपास रुळला. पुस्तकावर तो असेल तर ते 1955 चं नाही, मग कॉपीराइटचं वर्ष काहीही असो, कारण पुनर्मुद्रणातही मूळ कॉपीराइटचं वर्षच छापलेलं असतं. मलपृष्ठावर बारकोड असेल तर वेष्टन (पुठ्ठ्यावरचं सुटं कागदी आवरण) 1980 च्या दशकाच्या मध्यानंतरचं. इथे एक बारीक खोच आहे. बारकोडच्या रेघांखालचा 978 ने सुरू होणारा आकडा 1980 च्या दशकापासून दिसतो, त्यामुळे 1991 च्या पुस्तकावर तो असणं रास्त आहे. पण कॉपीराइटच्या पानावर "आयएसबीएन" असं लिहून पुढे तेरा आकडी क्रमांक छापला असेल तर ती छपाई साधारण 2007 च्या सुमाराची किंवा नंतरची. डेव्हिस यांचं "1991 ची पहिली छपाई" म्हणून विकायला ठेवलेलं पुस्तक या एका खुणेने उघडं पडतं.

मागणीनुसार छापलेल्या प्रती ओळखायला शेवटचं पान उघडा. तिथे छोटा बारकोड आणि छपाईचं ठिकाण-तारीख असते. अशी प्रत वाचायला घ्या, पण जुनी म्हणून एक रुपयाही जास्त मोजू नका.

बुक क्लबच्या, म्हणजे सभासदांसाठी स्वस्तात छापलेल्या, प्रतीही तपासाव्या लागतात, कारण लष्करी पुस्तकांचा अमेरिकेत वेगळा बुक क्लब होता. वेष्टनाच्या आतल्या घडीवर वरच्या कोपऱ्यात किंमत नाही, कागद हलका, पुस्तक मूळ प्रतीपेक्षा जरासं बुटकं, आणि मागच्या पुठ्ठ्यावर खाली उजवीकडे कणा असलेल्या बाजूला छोटा दाबलेला ठिपका किंवा चौकोन. हा ठिपका रंगहीन असतो, फोटोत दिसत नाही. हातावर घेऊन अंगठा फिरवला की खळगा लागतो. किंमतीचा कोपरा कापलेला असेल तर भेट देताना कुणी कापला असेल किंवा बुक क्लबची खूण लपवली असेल. दोन्ही शक्य आहे, म्हणून तेव्हा ठिपका नक्की शोधा.

प्रतीची अवस्था

इंग्रजी पुस्तकबाजारात "गुड" म्हणजे चांगली नव्हे. पायऱ्या अशा: फाइन, निअर फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर, पूअर. "गुड" म्हणजे वाचता येते, पानं पूर्ण आहेत, पण झिजलेली. संग्रहासाठी व्हेरी गुडच्या खाली जाऊ नका. अपवाद दोनच: 1934 चं पॉवेल आणि 1955 चं फ्रान्सिस. ही ज्या अवस्थेत मिळतील त्या अवस्थेत घ्यावीत, पानं मात्र सगळी मोजून.

या पुस्तकांचा मोठा हिस्सा ग्रंथालयांतून बाहेर पडतो. ग्रंथालयाची प्रत म्हणजे कण्यावर क्रमांकाची चिठ्ठी, आत खिसा, तीन-चार शिक्के, "रद्द" अशी मोहर, आणि वेष्टन पुठ्ठ्याला टेपने चिकटवलेलं. हे सगळं काढून प्रत "सुधारण्याचा" मोह टाळा. खिसा ओढून काढला की पुठ्ठ्याच्या आतल्या कागदाचा थर निघतो आणि मग तिथे कायमचा ओरखडा राहतो. स्वस्तात मिळालेली ग्रंथालयाची प्रत आहे तशी ठेवावी. कधी कधी तर ती कुठल्या ग्रंथालयाची हेच मोलाचं असतं. हवाई तळाच्या किंवा कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा शिक्का असलेली प्रत आम्ही कोऱ्या प्रतीच्या आधी निवडू.

वेष्टन असलेली आणि नसलेली प्रत यांच्या किंमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, म्हणून जुन्या पुस्तकांवर नवी छापलेली नकली वेष्टनं चढवलेली आढळतात. वेष्टन काढून त्याची आतली बाजू पाहा. साठ-सत्तर वर्षांच्या कागदाची आतली बाजू सायीच्या रंगाची असते, घड्यांपाशी तपकिरी असते, आणि पुठ्ठ्याच्या कडांनी तिच्यावर पुसट रेघ उमटलेली असते. आतून पांढरंशुभ्र, घड्या ताज्या आणि बाहेर मात्र "झीज" दिसत असेल, तर ती झीज छापलेली आहे. दहापट भिंगातून अक्षरांच्या कडा बघा. स्कॅन करून छापलेल्या अक्षराची कड ठिपक्याठिपक्यांची दिसते, मूळ छपाईची सलग.

सह्या: आधी तारखा, मग भिंग

सही खरी की खोटी हे ठरवण्याआधी ती शक्य तरी आहे का ते बघा. बुलर्ड 1961 मध्ये गेले, चरित्र 1972 चं. त्यांची सही त्यात असूच शकत नाही. चॅपी जेम्स फेब्रुवारी 1978 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या दोन्ही चरित्रांत त्यांची सही अशक्य. जेसी ब्राउन यांची तर नाहीच नाही. डेव्हिस जुलै 2002 पर्यंत होते आणि पीटरसन ऑगस्ट 2015 पर्यंत, त्यामुळे त्यांच्या आत्मचरित्रांवर त्यांच्या सह्या खऱ्या असू शकतात. पण त्या तारखांच्या नंतरच्या छपाईच्या प्रतीवर असतील तर नाही. ही पडताळणी दोन मिनिटांची आहे, पैसे लागत नाहीत, आणि निम्म्या संशयास्पद नोंदी इथेच गळतात. चरित्रकाराची सही वेगळी मोजा. "सही केलेली प्रत" असं मोघम लिहिलेलं असेल तर कोणाची सही, हे विचारा.

मग प्रत हातात घ्या. खोली अंधारी करून टॉर्च पानाला जवळजवळ समांतर धरा. बॉलपेनची सही असेल तर कागदावर चर दिसतात आणि पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं की उठाव लागतो. जाड मार्करची सही असेल तर शाई मागच्या बाजूला पुसट झिरपलेली असते. छापलेल्या सहीला चर नसतो, झिरपणं नसतं, आणि भिंगाखाली तिची शाई शेजारच्या मजकुराच्या शाईसारखीच दिसते. यंत्राने केलेल्या सहीत रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी असते आणि दोन्ही टोकांना गोल टिंब उमटतं. माणूस लिहितो तेव्हा पेन उतरताना आणि उचलताना रेघ निमुळती होते.

टस्कीगीच्या पुस्तकांवर बऱ्याचदा एकाच पानावर पाच-दहा वैमानिकांच्या सह्या असतात, कारण त्या मेळाव्यांत जमवलेल्या असतात. सहीखाली अनेकदा तुकडीचा क्रमांक असतो, जसं 42-सी. पहिला आकडा वर्ष, अक्षर म्हणजे त्या वर्षातल्या सैन्यभरच्या तुकड्यांमधला क्रम. 42-सी म्हणजे मार्च 1942 ला बाहेर पडलेली तुकडी, टस्कीगीची पहिली, डेव्हिस यांच्यासह पाच जणांची. टस्कीगीहून बाहेर पडलेल्या वैमानिकांच्या वर्गवार याद्या उपलब्ध आहेत. प्रत्येक सहीचं नाव त्या यादीत शोधा, तुकडी जुळते का पाहा, आणि पुस्तकाच्या छपाईच्या वर्षी तो माणूस हयात होता का ते तपासा. सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच तिरकेपणात आणि एकाच अंतराने असतील तर ती प्रत बाजूला ठेवा. मेळाव्यात पानाच्या कोपऱ्यांत, आडवं-तिडवं, वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेलं असतं.

चिकटवलेल्या चिठ्ठीवरची सही पुस्तकाच्या पानावरच्या सहीपेक्षा कमी मोलाची धरतात, कारण चिठ्ठी कुठूनही आणून चिकटवता येते.

कुठे आणि कोणत्या शब्दांनी शोधायचं

एबबुक्स, बिब्लिओ, व्हायालिब्री आणि ईबे ही नेहमीची संकेतस्थळं. कोणत्या आवृत्त्या अस्तित्वात आहेत हे समजून घ्यायला आधी वर्ल्डकॅट ही अनेक ग्रंथालयांची एकत्रित ऑनलाइन यादी उघडा. न्यूयॉर्कचं स्वान हे लिलावगृह आफ्रिकन-अमेरिकन छापील साहित्याचे स्वतंत्र लिलाव करतं. तिथे बोली लावली नाहीत तरी जुन्या लिलावांच्या याद्या वाचा. वर्णन कसं लिहावं आणि किंमत कशाला येते, हे त्यातून शिकायला मिळतं.

शोधशब्द काळानुसार बदला. 1955 च्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच "नीग्रो" हा शब्द आहे. त्या काळच्या नोंदी, वृत्तपत्रं आणि ग्रंथालयांची विषयवारी "नीग्रो" आणि "कलर्ड" या शब्दांनी केलेली आहे, पुढे "अफ्रो-अमेरिकन", मग "ब्लॅक". आज हे जुने शब्द आपण बोलण्यात वापरणार नाही, पण शोधताना ते टाइप केले नाहीत तर 1970 च्या आधीचं अर्धं साहित्य दिसतच नाही.

पुस्तकांच्या कडेने कागदही जमवा. जेसी ब्राउन यांच्या नावाची युद्धनौका 1973 मध्ये नौदलात दाखल झाली. अशा समारंभाच्या पुस्तिकेत ज्याचं नाव नौकेला दिलं त्याचं छोटं चरित्र असण्याची प्रथा आहे, आणि ती पुस्तिका पुस्तकवाल्यांऐवजी नौदलाच्या जुन्या वस्तू विकणाऱ्यांकडे मिळते. 'पिट्सबर्ग कूरियर' आणि 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांचे युद्धकाळातले अंक म्हणजे या माणसांची पहिली चरित्रंच. मात्र तो कागद वृत्तपत्राचा, हात लावताच तुटणारा. घ्यायचा तर पॉलिस्टरच्या पाकिटात सपाट ठेवायची तयारी हवी.

फक्त वाचायचंच असेल तर सरकारी प्रकाशनं विसरू नका. हवाई दलाच्या इतिहास कार्यालयाने 1977 मध्ये काढलेला ॲलन ऑसर यांचा अभ्यास संगणकावर मोफत वाचता येतो. बाकीच्या पुस्तकांचा संदर्भ लावायला तो फार उपयोगी पडतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना इथे मोठी सोय आहे. ग्रंथालयांच्या वार्षिक विक्रीत आणि हवाई तळांच्या गावांतल्या घरसामानाच्या विक्रीत ही पुस्तकं निघतात. ओहायोतलं डेटन, अलाबामातलं माँटगोमेरी, टेक्ससमधलं सॅन अँटोनियो या बाजूंना निवृत्त हवाई दलवाले बरेच. त्यांच्या मुलांना वडिलांच्या पुस्तकांचं काय करायचं ते माहीत नसतं.

भारतात आणताना

तीनशे पानांचं पुठ्ठाबांधणीचं पुस्तक साधारण 600 ते 700 ग्रॅम भरतं, खोक्यासकट 900 च्या आसपास. अमेरिकेतलं पुस्तकांचं स्वस्त टपाल देशांतर्गतच चालतं, म्हणून एकेक पुस्तक थेट मागवलं की पोस्टाचा खर्च पुस्तकापेक्षा जास्त होतो. परवडणारा मार्ग म्हणजे तिकडच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर पाच-सहा पुस्तकं जमू द्यायची आणि कुणी येताना आणायची. चांगली प्रत हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नको. बॅगा फेकताना पुस्तकांचे कोपरे आधी जातात.

थेट मागवत असाल तर विक्रेत्याला बांधणीबद्दल लेखी सांगा: पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोन्ही बाजूंना पुस्तकापेक्षा चहूकडून 2 सेंमी मोठे पुठ्ठे, त्यावर बबलची गुंडाळी, आणि मग खोकं. नुसत्या जाड पाकिटात पाठवलेल्या पुस्तकाचे कोपरे हमखास चेपून येतात. सीमाशुल्काच्या चिठ्ठीवर "छापील पुस्तक, जुनं", 4901 हा क्रमांक आणि खरी किंमत लिहायला सांगा. 2019 च्या अर्थसंकल्पात आयात छापील पुस्तकांवर 5 टक्के सीमाशुल्क लागलं. टपाल आणि कुरिअरने येणाऱ्या पार्सलला सध्या काय दर आहे, ते पैसे भरण्याआधी तपासून घ्या.

आपल्या हवेत टिकवायचं कसं

पार्सल आलं की पुस्तक लगेच कपाटात सरकवू नका. कण्याच्या वरच्या पोकळीत आणि पुठ्ठ्याच्या सांध्यात कसर किंवा तिची अंडी असू शकतात. संशय असेल तर पुस्तक झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि घरच्या फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांवर, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. या उपायाने किडे मरतात, बुरशी मात्र मरत नाही. बुरशी दिसली तर पुस्तक आधी सावलीत, पंख्याच्या हवेत पूर्ण सुकवा. मग घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने झटका. ओली बुरशी पुसायला गेलात तर ती कागदात घासली जाते आणि डाग पक्का होतो.

कागदाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात ती 80 च्या वर जाते. पुण्या-नाशिककडे थोडं सुसह्य असतं, पण जुलै-ऑगस्ट तिथेही सांभाळावे लागतात. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, सगळ्यांत खालचा कप्पा रिकामा ठेवा आणि आत आर्द्रतामापक ठेवा. चांगल्या प्रती घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून 20 लिटरच्या डब्यामागे साधारण 100 ग्रॅम सिलिका जेल घाला. निळ्या जेलचा रंग गुलाबी झाला की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. तापवताना खिडकी उघडी ठेवा आणि स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. डांबराच्या गोळ्या पुस्तकांच्या डब्यात टाकायच्या नाहीत. वास कागदात बसतो तो जात नाही, आणि बंद डब्यात त्यांची वाफ प्लॅस्टिकच्या वेष्टनालाही लागते.

वेष्टनावर पॉलिस्टरचं पारदर्शक आवरण चढवा, ज्याला बाजारात मायलर म्हणतात. शाळेच्या वह्यांना घालतात ते पीव्हीसीचं कव्हर काही वर्षांत चिकट होतं आणि छपाईची शाई ओढून घेतं. लॅमिनेशन तर अजिबात नको. फाटलेलं वेष्टन सेलोटेपने जोडू नका. टेप पिवळी पडते, डिंक कागदात उतरतो आणि मूळ फाट बरी होती असं वाटायची पाळी येते. आवरणाच्या आत फाटलेला तुकडा जागच्या जागी बसतो, तेवढं पुरेसं आहे.

नोंद आणि टिपणं

प्रत्येक प्रतीची नोंद खरेदीच्या दिवशीच करा: पाच ओळखी (लेखक, प्रकाशक, गाव, वर्ष, पानं), छपाईचा क्रमांक, वेष्टनावरची किंमत, अवस्था, सही कोणाची आणि कशावरून खरी मानली, कुठून, कितीला. पुस्तकात सापडलेली कात्रणं, पत्रं, निमंत्रणपत्रिका काढून फेकू नका. पण पुस्तकात तशीच राहू देऊ नका. वृत्तपत्राचं कात्रण समोरच्या पानावर तपकिरी सावली सोडतं. ते पॉलिस्टरच्या पाकिटात वेगळं ठेवा आणि नोंदीत ते कोणत्या पानापाशी सापडलं ते लिहा.

जुन्या पुस्तकांतल्या चुकांचं काय, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. टस्कीगीच्या 332 व्या लढाऊ विमानगटाने संरक्षण दिलेलं एकही बॉम्बफेकी विमान शत्रूने पाडलं नाही, हे विधान जुन्या लिखाणात जागोजागी सापडतं. मार्च 1945 मध्ये 'शिकागो डिफेंडर'ने तसं छापलं होतं आणि ते पुढे पुस्तकांत उतरत गेलं. पुढे हवाई दलाच्या इतिहास विभागातले डॅनियल हॉलमन यांनी मोहिमांचे अहवाल एकेक ताडून पाहिले आणि अशी किमान 27 विमानं पाडली गेल्याचं दाखवलं. इतर गटांच्या तुलनेत हा आकडा कमीच, पण शून्य नाही. अशी दुरुस्ती पुस्तकाच्या समासात पेनने लिहू नका. आम्लविरहित कागदाच्या पट्टीवर पेन्सिलने लिहा, वर पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक टाका, आणि पट्टी मागच्या पुठ्ठ्याच्या आत ठेवा. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात एखाद्या जुन्या दुकानदाराने पेन्सिलने घातलेला भाव आणि सांकेतिक अक्षरं असतील तर तीही खोडू नका.